बी.ए. आणि पाणी

नीरा डाव्या कालव्याच्या एका शाखा कचेरीत कालवा निरीक्षक म्हणून माझी बरीच वर्षं गेली. शेतकऱ्यांकडून नमुना नंबर सातचे पाणी अर्ज भरून घ्यायचे, पाळीपत्रक तयार करायचं, पाणी सुटलं की चारीवर फिरायचं, आणि हंगाम सरला की पाणीपट्टीच्या वसुलीला लागायचं, असं हे काम. शिक्षण म्हणाल तर मराठी विषय घेऊन बी.ए. कविता लिहितो, म्हणून आकाशवाणीवर बोलावणं येतं ते बहुधा कवितेसाठीच. आज मात्र मी पाण्याबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आहे माझी धाकटी मुलगी.

तिनं भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. खडक, माती, विहिरी यांच्या नादात तिला पाण्याची ओढ लागली. जलसंपदा अभियांत्रिकीचा पुढचा अभ्यास करावा असं तिच्या मनानं घेतलं. एका संस्थेत चौकशी करायला गेली. खिडकीपलीकडच्या माणसानं गुणपत्रिका उलटून पाहिली, "बी.ई. सिव्हिल आहे का?" म्हणून विचारलं, आणि ती नाही म्हणाल्यावर कागद परत सरकवले. संध्याकाळच्या एस.टी.नं ती घरी आली. दारात चपला काढता काढता म्हणाली, "अब्बा, त्यांनी फॉर्मच दिला नाही. पाणी काय फक्त सिव्हिलवाल्यांचंच असतं का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उलट एक जुना सल तेवढा जागा झाला. नोकरी लागली त्या सुमारास एका प्रशिक्षणात मी एक प्रश्न विचारला होता. चारीच्या तोंडाशी आम्ही गेज वाचतो, मग छापील तक्ता पाहतो, आणि इतके क्युसेक पाणी चाललंय अशी वहीत नोंद करतो. हा तक्ता तयार कसा झाला, एवढंच मला हवं होतं. शिकवणारे साहेब हसून म्हणाले, "तुम्ही बी.ए. ना? मग तुम्ही वसुलीचं बघा." वर्गात हशा पिकला. मीही हसलो. पण तो प्रश्न पुन्हा कुणाला विचारला नाही. पुढची सगळी वर्षं तक्ता पाहून आकडे लिहीत राहिलो.

मुलीला काही उत्तर द्यायला हवं होतं. ते शोधायला मी इतिहासाकडे वळलो. कवी माणूस, हिशेबाच्या वाटेनं जाण्यापेक्षा गोष्टीच्या वाटेनं जाणं त्याला सोपं पडतं.

पहिली गोष्ट आमच्या कचेरीच्या भिंतीवरच होती. दर वर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन यायचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा तो जन्मदिवस. म्हैसुरी फेटा बांधलेल्या त्यांच्या फोटोला हार घातला जायचा, पेढे वाटले जायचे. साहेब लोक भाषणं करायचे आणि आम्ही कारकून, पाटकरी मागच्या बाकांवर बसून ऐकायचो. या भारतरत्नाची, देशातल्या सगळ्या अभियंत्यांच्या या दैवताची पहिली पदवी बी.ए. होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. इतक्या भाषणांत ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर आमचं लक्ष पेढ्यांकडे असेल.

विश्वेश्वरय्या मूळचे मुद्देनहळ्ळीचे. वडील लहानपणीच गेले. बंगळूरला शिकताना ते एका कूर्गी कुटुंबातल्या मुलांची शिकवणी घेत आणि त्यावर आपलं शिक्षण चालवत. सेंट्रल कॉलेजातून ते १८८१ मध्ये बी.ए. झाले. प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांचा या मुलावर जीव होता. त्यांची शिफारस आणि म्हैसूरचे दिवाण रंगाचार्लू यांची मंजुरी, यांमुळे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा बी.ए. झालेला तरुण अभियांत्रिकी शिकायला पुण्याला आला.

पुण्यातल्या त्या कॉलेजचाही थोडा इतिहास सांगायला हवा. १८५४ मध्ये सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून पुण्यात एक लहानसा वर्ग सुरू झाला. पुढे तो मुंबई विद्यापीठाला जोडला गेला, आणि विश्वेश्वरय्या आले तेव्हा त्याचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' असं होतं. आजचं पुण्याचं सी.ओ.ई.पी. ते हेच. तिथून ते १८८३ मध्ये एल.सी.ई. झाले, मुंबई इलाख्यात पहिले आले, आणि १८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्यासारखे मराठीचे बी.ए. उगीच कॉलर ताठ करतील. विश्वेश्वरय्यांचं बी.ए. आणि माझं बी.ए. एक नव्हे. त्या काळच्या बी.ए.त गणित शिकता येत असे आणि त्यांचं गणित पक्कं होतं. पदवीचं नाव दुसरं होतं, पण पाया घट्ट होता. आणि पुण्यात त्यांना कुणी सवलत दिली नाही. बाकीच्यांनी दिला तोच पेपर त्यांनी दिला. दार उघडं होतं एवढंच. आत आल्यावरचे जिने त्यांचे त्यांनाच चढावे लागले.

नोकरीत आल्यावर त्यांची रवानगी धुळ्याकडे झाली. पांझरा नदीच्या खोऱ्यात, साक्री भागातल्या दातर्तीजवळ, ओढ्याखालून पाण्याचा नळ न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. पाणी एका काठाला नळात शिरतं, खालून जातं आणि पलीकडे पुन्हा वर येतं. या रचनेला सायफन म्हणतात. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पाणी, वाळू उपसली की पुन्हा भरायची. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लिहिलं, की हे काम पावसाळ्यानंतर करावं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. तेव्हा त्यांनी हट्टानं ते काम पुरं करून दाखवलं. कॉलेजात शिकलेलं पाणी आणि ओढ्यातलं पाणी यांतलं अंतर त्यांना तिथे कळलं असणार.

त्याच पांझरेच्या काठी दुसरी एक शाळा शेकडो वर्षं चालू होती. तिला ना इमारत होती, ना पदवी. ती म्हणजे फड पद्धत. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम, गिरणा अशा नद्यांवर लोकांनी लहान लहान बंधारे बांधले होते. बंधाऱ्याखालच्या शेतीचे ठरावीक भाग पाडलेले असत, त्यांना फड म्हणायचे. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात दुसरं पीक, पुढच्या वर्षी अदलाबदल. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. त्यामुळे पाणी एका बाजूनं सुरू करून क्रमानं देता यायचं. वाटेत गळती कमी, भांडणं कमी. पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या, सगळ्यांवर नजर ठेवायला हवालदार, आणि या माणसांचा मेहनताना शेतकरीच देणार. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी बसवलेला हा हिशेब होता.

पुढे विश्वेश्वरय्या पुणे भागात सिंचनाच्या कामावर आले तेव्हा नीरा कालव्यावर एक दुखणं होतं. ज्याची जमीन कालव्याजवळ, तो भरमसाट पाणी घेऊन ऊस लावी. जमीन चिबडे, डास वाढत, हिवताप पसरे आणि पुढच्या गावांना पाणी पोचत नसे. त्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे ब्लॉक पाडायचे, त्यातल्या एका हिश्श्यात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, दर वर्षी फेरपालट, आणि शेतकऱ्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी. पाणी तेवढंच, पण जास्त गावांना मिळणार. शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला, पुढे ती रुळली. माझ्या नोकरीच्या आरंभी जुन्या रजिस्टरांत 'ब्लॉक' हा शब्द पानोपानी भेटायचा. तो लिहिताना आपण एका बी.ए.वाल्याच्या अक्षरावर अक्षर गिरवतोय, याची मला कल्पना नव्हती. पांझरेचा फड आणि नीरेचा ब्लॉक शेजारी ठेवून पाहिले की साम्य लपत नाही. तसं पाहिलं तर विश्वेश्वरय्यांच्या बी.ए. आणि एल.सी.ई. या दोन्ही पदव्यांपेक्षा जुनी विद्या त्या नद्यांच्या काठी नांदत होती.

खडकवासल्याला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजेही प्रसिद्ध आहेत. धरणाची भिंत न वाढवता सांडव्यावर दरवाजे बसवून पाणी काही फूट उंच साठवायचं, आणि पुराचं पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडायचे, अशी ती योजना. त्यांनी पेटंट घेतलं, पण सरकारकडून त्याचा मोबदला घेतला नाही. १९०८ मध्ये हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर निजाम सरकारनं त्यांना बोलावून घेतलं. शहरात नुसत्या भिंती बांधून भागणार नाही, पूर वरच्या बाजूला तलावांत अडवला पाहिजे, असा त्यांचा सल्ला होता. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. पूर वर अडवायचा, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

हे सगळं मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, हे एकटेच असतील. एका माणसावरून नियम ठरत नाही." एम.एस्सी. झालेली मुलगी, तिला एका नमुन्यावर समाधान कुठलं? मग मी उलट बाजूनं विचार केला. पाण्याच्या कामाला अभियांत्रिकीचीच पदवी हवी, ही अट मुळात आली कुठून?

त्यासाठी रुरकीला जावं लागतं. उत्तरेत १८३७-३८ साली मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर गंगेतून कालवा काढायचं ठरलं. हे काम ज्यानं अंगावर घेतलं तो प्रोबी कॉटली तोफखान्यातला अधिकारी होता. अभियांत्रिकीची पदवी त्याच्याजवळ नव्हती. असणार कशी? हिंदुस्थानात तेव्हा अभियांत्रिकीचं कॉलेजच नव्हतं. जुन्या यमुना कालव्यांच्या दुरुस्तीवर राबता राबता तो पाण्याचं काम शिकला. फावल्या वेळात शिवालिकच्या टेकड्यांत प्राण्यांचे जीवाश्म शोधत हिंडायचा, म्हणजे भूशास्त्राचाही नाद होता. (हे ऐकल्यावर आमच्या घरात एक चेहरा जरा खुलला.) गंगा कालव्याचं काम १८४२ मध्ये सुरू झालं. माणसं कमी पडू लागली. मोजणी येणारी, नकाशा काढणारी, मजुरांकडून नेमकं काम करवून घेणारी माणसं हवी होती. म्हणून १८४७ मध्ये रुरकीला कॉलेज निघालं. पुढे त्याला थॉमसन कॉलेज म्हणू लागले. कालव्यात पाणी सुटलं १८५४ मध्ये. म्हणजे आधी कालवा हाती घेतला गेला आणि त्याच्या गरजेपोटी कॉलेज आलं. पुण्याच्या त्या वर्गाची कथाही वेगळी नाही.

या रुरकीतच मला दुसरा पदवीधर भेटला. अयोध्यानाथ खोसला. लाहोरच्या डी.ए.व्ही. कॉलेजातून ते १९१२ मध्ये पदवीधर झाले आणि त्यानंतर रुरकीला जाऊन १९१६ पर्यंत अभियांत्रिकी शिकले. आधी साधी पदवी, मग पाणी, अशी विश्वेश्वरय्यांचीच वाट. नदीच्या वाळूवर बंधारा बांधला तर त्याच्या तळाखालून पाणी झिरपतं आणि तळ वर उचलू पाहतं. वरून भक्कम दिसणारा बंधारा त्यामुळे फसतो. हा उचलणारा जोर किती, तो कुठे जास्त असतो, हे मांडणारा त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये आला. बोस आणि टेलर हे त्यांचे सहलेखक. खोसला सिद्धांत म्हणून अभियांत्रिकीच्या मुलांना आजही तो शिकावा लागतो.

खोसलांच्या मागोमाग मी ओडिशात पोचलो, आणि तिथे मला जे दिसलं ते पाहून थक्क झालो. एकाच मुलुखाच्या पुराभोवती चार माणसं उभी होती, आणि चौघांचीही पहिली पदवी अभियांत्रिकीची नव्हती.

महानदी आणि ब्राह्मणी या नद्या ओडिशाच्या किनारपट्टीला वारंवार बुडवत. १९२६ मध्ये ब्राह्मणीला मोठा पूर आला. तज्ज्ञ अभियंत्यांचं मत पडलं, की नदीचा तळ गाळानं वर आला आहे, म्हणून काठचे बांध आणखी उंच करावेत. हा प्रश्न प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे गेला. ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि संख्याशास्त्राच्या नादी लागलेले होते. त्यांनी पाऊस आणि पुराच्या सुमारे साठ वर्षांच्या नोंदी काढल्या आणि दाखवलं, की नदीचा तळ वर आलेलाच नाही. पाऊसच तसा झाला होता. बांध उंच करून उपयोग नाही. वरच्या अंगाला पाणी अडवा. फावडं हातात न धरता, नुसत्या नोंदवह्या वाचून काढलेला हा निष्कर्ष होता. त्या नोंदी रोज गेज वाचून कोण लिहीत असेल? माझ्यासारखाच कुणी तरी कारकून. हे मनात आलं आणि उगीच छाती भरून आली.

१९३७ नंतर ओडिशाच्या पुराबद्दल विश्वेश्वरय्यांनाही विचारलं गेलं. वयाच्या पंच्याहत्तरीनंतर त्यांनी त्या नद्यांवर अहवाल दिले.

आणि मग आले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते. एल्फिन्स्टन कॉलेजचे बी.ए., मग कोलंबिया आणि लंडनचं अर्थशास्त्र, शिवाय बॅरिस्टर. पाण्याची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. पण पाण्याला शिवू न देण्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळला होता? १९२७ मध्ये महाडला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, तेव्हापासून पाणी कुणाचं हा प्रश्न त्यांच्यासोबत चालत होता. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओडिशाच्या नद्यांविषयी परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. जास्तीचं पाणी हे संकट समजून त्याला बांध घालून समुद्राकडे ढकलू नका, ते साठवा, त्यावर शेती करा, वीज करा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्याच वर्षी नद्यांच्या कामासाठी केंद्रीय आयोग नेमला गेला. त्याच्या अध्यक्षपदी होते अयोध्यानाथ खोसला. महानदीवरचं हिराकुड धरण याच प्रयत्नांतून उभं राहिलं आणि १९५७ मध्ये पूर्ण झालं.

आंबेडकर १८९१ चे, खोसला १८९२ चे, महालनोबिस १८९३ चे. एकापाठोपाठच्या तीन वर्षांतली ही तीन माणसं. एकाकडे समाजाची आणि अर्थाची जाण, दुसऱ्याकडे बंधाऱ्याच्या तळाची, तिसऱ्याकडे आकड्यांची. हिराकुडसारख्या धरणाला तिन्ही लागतात.

मात्र हिराकुडची दुसरी बाजू गिळून टाकली तर ती लबाडी होईल. त्या धरणामुळे लाखावर माणसांना आपलं घरदार सोडावं लागलं. पाणी किती साठेल याचं गणित बरोबर आलं. पण ज्यांच्या चुली पाण्याखाली गेल्या, त्यांचं पुढे काय, या गणिताला तेवढी माणसं लाभली नाहीत. आपल्याकडे कोयना आणि उजनीच्या काठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून मला वाटतं, पाण्याच्या वर्गात वेगवेगळ्या विद्या शिकलेली माणसं बसली पाहिजेत. एकाच पठडीत शिकलेली माणसं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवतात. शेवटच्या चारीवरच्या विधवेच्या अर्धा एकराला पाणी का पोचत नाही, हे हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात सापडत नाही. ते मला माहीत आहे, कारण तिचा नंबर सातचा अर्ज मी भरून घेतला आहे.

तर मग आज दार बंद आहे का? मुलीबरोबर मीही माहितीपत्रकं वाचू लागलो. सगळीकडे बंद नाही. खोसला रुरकी विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९५५ मध्ये तिथे जलसंपदेच्या शिक्षणाचं खास केंद्र निघालं. ते नोकरीतल्या अभियंत्यांसाठी होतं आणि आशिया-आफ्रिकेतून माणसं तिथे शिकायला येत. १९७२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्यानं तिथेच जलविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पाऊस पडल्यापासून नदीला, विहिरीला, समुद्राला मिळेपर्यंत पाण्याचं काय होतं, याचं ते शास्त्र. त्याच्या एम.टेक.ला अभियंत्यांबरोबर भूशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित अशा विषयांतल्या एम.एस्सी. झालेल्यांचाही विचार होतो. आपल्या राज्यातही १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भूजलाचं सरकारी खातं उभं राहिलं, तेव्हा विहिरींची पाहणी करायला भूशास्त्राचीच माणसं घेतली गेली. परदेशांतल्या अनेक विद्यापीठांत तर सरळ पद्धत आहे. तुमची पदवी दुसरी असली तरी या, पण आधी पुलापलीकडचे विषय पुरे करा: कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, स्टॅटिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हायड्रॉलिक्स. ते झाले की मुख्य अभ्यास सुरू.

ही पद्धत मला न्याय्य वाटते. तिच्यात मेहेरबानी नाही आणि हाकलून देणंही नाही. धरण चुकलं तर खालची गावं वाहून जातात. पुण्याला १९६१ चं पानशेत ठाऊक आहे. तिथे हौस चालत नाही, गणित यावंच लागतं. पण ज्याला ते शिकायचं आहे त्याला फॉर्मसुद्धा द्यायचा नाही, हा पाण्याचा नियम नव्हे. तो खिडकीपलीकडच्या माणसाचा नियम आहे. म्हैसूर सरकारनं १८८१ मध्ये तोच लावला असता, तर आमच्या कचेरीच्या भिंतीवर तो फोटो नसता.

आता थोडं घरचं सांगतो आणि थांबतो. मुलीनं गेट परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे. त्यात भूशास्त्राचा पेपर असतो. शिवाय फ्लुइड मेकॅनिक्सची जुनी पुस्तकं रविवारच्या बाजारातून आणली आहेत. रात्री जेवणं झाली की सुफरा उचलायचा आणि तिच्या वह्या पसरायच्या, असा घरचा रिवाज झाला आहे. तिची आई म्हणते, "या घरात आधी एक कविता लिहून जागायचा, आता दोघं जागतात."

मागच्या रब्बीच्या आवर्तनात ती माझ्याबरोबर चारीवर आली होती. चारीच्या तोंडाशी पाणी मोजायला सिमेंटचा अरुंद गळा बांधलेला असतो. त्याला आम्ही फ्ल्यूम म्हणतो. मी सवयीनं गेज वाचलं आणि खिशातला तक्ता काढला. ती म्हणाली, "अब्बा, तक्ता राहू द्या. मी सांगते." काठावर उकिडवी बसून तिनं वहीत लिहिलं. पाण्याची उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, ते पावणेतीनपटीच्याही थोडं वर जातं. कारण उंची वाढली की पाण्याची जाडी वाढते आणि त्याचा वेगही वाढतो. दोन्हींचा मिळून तो आकडा. उंचीचा दीड घात करायचा, गळ्याच्या रुंदीनं गुणायचं, आणि त्या फ्ल्यूमचा म्हणून एक ठरलेला आकडा असतो, त्यानं गुणायचं. तिनं हिशेब केला, मी तक्ता पाहिला. जुळलं.

नोकरीच्या सुरुवातीला विचारलेल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, चारीच्या काठावर मिळालं. ते दिलं जिला फॉर्म नाकारला गेला होता तिनं. मी तो तक्ता घडी करून खिशात ठेवला. पाणी आपल्या वाटेनं शेवटच्या चारीकडे चाललं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)